एका क्रमांकाची दोन भांडी

१४ मार्च

एकाच क्रमांकाची दोन भांडी!

सकाळी चीलुंग शहराच्या दहनगृहातून फोन. फांग नावाचे गृहस्थ वडिलांची रक्षा न्यायला आले, तर कोठीत ४०७१८ची चिठ्ठी लावलेली दोन पांढरी भांडी निघाली. नाव-फोटो कोरलेला दगडी कलश नंतर येतो, चांगला दिवस बघून. तोवर माणूस म्हणजे नुसता क्रमांक. आणि तो क्रमांक देणारा प्रोग्रॅम माझा.

संगणकात ४०७१८वर नाव एकच — फांग. मग दुसरं भांडं कुणाचं?

१५ मार्च

सापडलं. गेल्या महिन्यातल्या भूकंपाच्या दुपारी संगणकांना जोडणारी लाइन तुटली होती. तरी नोंदणीच्या खिडक्या चालू राहिल्या — प्रेत घेऊन आलेल्यांना परत कसं पाठवणार? मी प्रत्येक खिडकीला शिकवलं होतं: शेवटचा क्रमांक बघ, त्यात एक मिळव. लाइन नसताना शेवटचा क्रमांक सगळीकडे तोच. मग पुढचाही तोच! लाइन आल्यावर नोंदी एकमेकींवर आदळल्या. अशा वेळी काय करायचं तेही मीच लिहून ठेवलंय — नंतरची ठेव, आधीची पुसून टाक.

माणूस पुसला मी.

१७ मार्च

नवी पद्धत बसवली. आता मागचा क्रमांक बघायचाच नाही. प्रत्येक नोंदीला अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ, कशीही जुळवलेली, पुन्हा तीच येणं जवळपास अशक्य. एका दुपारचं काम. तेव्हाच का नाही केलं? आमच्या गान साहेबांना लोकांच्या लक्षात राहील असा छोटा आकडा हवा होता, आणि मी हो म्हटलं.

साहेबांचं आजचं म्हणणं — एका भांड्यावर क लिही, दुसऱ्यावर ख, फांगना क देऊन टाक. "यूपेई, क्रमांक वेगळे झाले की प्रश्न मिटला."

कुणाचा मिटला?

२० मार्च

शाओ आजी आल्या. हातात ४०७१८ची पावती. त्यांचा नवरा मासळी बाजारात बर्फ फोडायचा. छिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आत त्याला अस्थींच्या मनोऱ्यात जागेवर ठेवायचंय.

साहेबांनी गप्प राहायला सांगितलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. आजी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून पेरू काढला, माझ्यापुढे ठेवला. खा म्हणाल्या, तोंड किती सुकलंय तुझं.

पेरू तसाच घरी आणला.

२४ मार्च

दोन्ही भांड्यांतली हाडं तपासायला पाठवली होती, प्रयोगशाळेचं उत्तर आलं. इतक्या आचेतून गेलेल्या हाडांवरून माणूस ओळखता येत नाही. मी पुन्हा फोन केला. तिथल्या बाईंनी तेच पुन्हा सांगितलं, जरा हळू आवाजात.

२५ मार्च

जेवण जात नाही. जुना कोड उघडते, ‘आधीची पुसून टाक’ ही ओळ वाचते, बंद करते.

२८ मार्च

कौल लावायचं आजींनीच ठरवलं. त्यालाच विचारू की, म्हणाल्या. फांगही तयार झाले. उदबत्त्या लावल्या. आजींनी लाकडाच्या चंद्रकोरी टाकल्या — एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. पहिल्या भांड्यापुढे दोन्ही पालथ्या. दुसऱ्यापुढेही पालथ्या. पुन्हा टाकल्या. नाहीच.

"म्हणजे दोन्ही माझेच वडील?" फांगांनी अगदी मनापासून विचारलं. मग त्यांनी स्वतः टाकून बघितलं. पहिल्यालाच होकार.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. माझा कौलावर विश्वास नाही. पण भांडी दोनच होती, हे मला कुणी सांगितलं होतं? दोन दिसली, दोन घरं मिळाली, मी शोधायची थांबले!

३० मार्च

लाइन नसताना झालेल्या नोंदीची प्रत त्या त्या खिडकीच्या यंत्रात राहते. एकेक यंत्र उघडलं. पहिल्यावर फांग. दुसऱ्यावर शाओ. बंदराकडच्या यंत्रावर — यू. ४०७१८.

यू मंडळींनी भांडं केव्हाच नेलंय. कोठीवाल्याने क्रमांक बघितला, हाताला लागलं ते दिलं. त्याची काय चूक? पत्ता मिळालाय. उद्या जाते. तिन्ही घरं एकत्र बसतील, काहीतरी ठरवतील.

३१ मार्च

यू मंडळींनी रक्षा समुद्रात सोडली. होडी करून गेले होते.

आजींना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी पावतीची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "त्याला पोहता येत नव्हतं गं."