सहा कोटी ठिपके आणि चोवीसशे टाइल्स

तीर्थस्वरूप मामांना भिंगरीचा कोपरापासून नमस्कार. (लोक टोमण्यानं म्हणतात तसा कोपरापासून नव्हे. दोन्ही पंजे सिमेंटनं माखलेत, म्हणून खरोखरच कोपरं जोडली. पेन धरण्यापुरती दोन बोटं धुतलीत.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचा गुडघा त्यांचं ऐकायला लागला, की अजून तुमच्याच वळणावर आहे? मी ठणठणीत आहे, जेवतो वेळेवर, आणि आईला हे जरा मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी कबुली देतो. तुमची तीन पत्रं आली आणि तिन्हींत एकच प्रश्न होता: नवा कॅमेरा घ्यायचाय, तर बारा मेगापिक्सेलचा घेऊ, चोवीसचा की अठ्ठेचाळीसचा? पहिलं पत्र आलं तेव्हा उत्तर मला पाठ होतं, म्हणून लिहिलं नाही. (पाठ असलेलं काय, कधीही लिहिता येतं.) दुसरं आलं तेव्हा उत्तराबद्दल जराशी शंका यायला लागली होती, म्हणून लिहिलं नाही. तिसरं येईपर्यंत आपल्याला यातलं काहीच कळत नाही एवढं कळलं होतं, आणि तेवढ्यासाठी कशाला टपाल खर्ची घालायचं? आता मात्र कळलंय. कुणामुळे कळलं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मागच्या वेळी मी छापखान्यात होतो. ते सुटलं. (त्यांचा दोष नाही. अक्षरं उलटी वाचायची सवय जडली आणि बसच्या पाट्या वाचताना पंचाईत व्हायला लागली.) मग बेकरीच्या गाडीवर होतो, त्याचं नंतर कधीतरी. तर एक दिवस खोलीतल्या नळाला पाणी येईना, म्हणून बादली आणि टॉवेल घेऊन पोहण्याच्या तलावावर निघालो. म्हटलं तिथे गरम पाण्याचे फवारे असतात, अंघोळ उरकू. दारात एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा. माझ्या बादलीकडे बघून म्हणाला, "उशीर केलास. ती पेटी उचल." मी उचलली. अशी मला नोकरी लागली. अंघोळ तिसऱ्या दिवशी झाली.

हा माणूस म्हणजे मिस्त्री. तीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांना पांढऱ्या टाइल्स लावतायत. मामा, त्यांनी लावलेल्या भिंतीवरून डोळे मिटून बोट फिरवलं तर एक टाइल कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते बोटाला सांगता येत नाही. ओळंबा ते फक्त आमच्यासारख्यांची खात्री पटवायला लावतात. आणि हे मिस्त्री पोहायला शिकले कधी, तर अडतिसाव्या वर्षी, सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, कमरेला फुगा बांधून. शिकवलं तलावावरच्या बाईंनी. बाई म्हणजे अशी असामी, की या गावात पाण्यात पडून जो कुणी जिवंत बाहेर येतो त्याच्या पाठीवर त्यांचा एक तरी धपाटा असतोच. त्या बाई येत्या रविवारी निवृत्त होतायत. दुरुस्तीसाठी तलाव पंधरा दिवस बंद ठेवला, तेव्हा मिस्त्रींनी कमिटीकडे एवढंच मागितलं, की टोकाची मोठी भिंत पांढरी नको, तिथे बाईंचा चेहरा करू द्या. जन्मात त्यांनी पहिल्यांदाच कुणाकडे काही मागितलं असावं, कारण कमिटी दचकून हो म्हणाली.

चेहरा करायचा तर फोटो हवा, आणि फोटो म्हटल्यावर मी छाती पुढे काढली. माझ्या फोनच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत चौसष्ट मेगापिक्सेल असं लिहिलंय. (होतं. त्यावर येतोच.) एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके, म्हणजे सहा कोटी चाळीस लाख ठिपके मी खिशात घालून हिंडत होतो. आणि मिस्त्रींकडे भिंतीसाठी टाइल्स किती? आडव्या चाळीस, उभ्या साठ, एकूण चोवीसशे, तळहाताएवढ्या. एका मेगापिक्सेलचा चारशेवा हिस्साही भरत नाही. मला त्यांची कीव आली. लगेच बाईंच्या घरी गेलो, ओळखपत्र बदलायचंय अशी थाप मारली, बोळात दिव्याखाली त्यांना उभं केलं आणि फोटो काढला. मग जुन्या ओळखीवर छापखान्यात जाऊन तो दरवाजाएवढा छापून आणला. मामा, दिव्याजवळच्या भिंतीवरची खिळ्यांची भोकं त्यात मोजता येत होती. पण सावलीतल्या बाईंच्या चेहऱ्यावर रंगीत मीठ सांडल्यासारखे दाणे, आणि सगळ्या कडा साबण फिरवल्यागत बुळबुळीत. (भिंगावर बेकरीतलं लोणी होतं, हेही कबूल करतो.) मिस्त्रींनी मान तिरकी करून बराच वेळ बघितलं.

"काय आहे?"

"बाई आहेत."

"कुठे?"

मी मेगापिक्सेलचा आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला, चवीनं, आणि मग मला एका पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं. म्हणाले, "ही भिंत हाताएवढ्या टाइल्सनी भरली, तर काय दिसतं? टाइल्स. हीच भिंत नखाएवढ्या टाइल्सनी भर. आता काय दिसतं?" मी म्हटलं, जास्त टाइल्स. "सांधे दिसतात, बाळा. भिंत तेवढीच आहे. तुझ्या फोनची ठिपके बसवायची जागा केवढी? मुगाच्या दाण्याएवढी. त्यात सहा कोटी कोंबले, तर एकेकाच्या वाट्याला उजेड तो काय येणार? ते बिचारे अंधारात चाचपडतायत, आणि त्याचं तू मीठ पाडून आणलंस." (मी नंतर कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला हे विचारलं. त्यानं हेच सांगितलं, फक्त पाऊण तास घेतला. मिस्त्रींनी आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नाही.)

शेवटी फोटो सापडला तो तिकीट खिडकीवरच्या काकूंच्या खणात. बाईंच्या जुन्या ओळखपत्राचा, दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं काढलेला. काकूंना उठायचा कंटाळा आला होता, म्हणून त्यांनी तो बसल्या जागेवरून, खिडकीतूनच काढला होता. त्यामुळे दिवसाचा स्वच्छ उजेड बाईंच्या एका गालावर आलाय, दुसरा गाल सावलीत आहे, डोक्यावर पोहायची टोपी आहे, आणि बाई कुणावर तरी ओरडायच्या बेतात आहेत. मिस्त्री म्हणाले, "या आल्या बाई." काकूंना तेव्हापासून कुणी काही काम सांगितलं की त्या म्हणतात, मी कलाकार आहे.

मिस्त्रींनी तो फोटो चौकटीच्या कागदावर पाच छटांमध्ये उतरवला, एक म्हणजे पांढरी आणि पाच म्हणजे काळी, आणि आम्ही खालून एकेक ओळ लावत निघालो. दहा ओळी झाल्या की ते तलावाच्या दुसऱ्या टोकाला जायचे, डोळे बारीक करायचे, आणि तिथून सांगायचे, डावीकडची सातवी जरा उजळ कर. जवळ उभ्या असलेल्या मला तर सातवी आणि आठवीत काही फरक दिसायचा नाही. एकदा मी एकतिसावी ओळ तेराव्या जागी लावली आणि बाईंच्या गळ्याला नाकपुड्या आल्या. समोरच्या टोकाहून शांत आवाज आला, "बाई श्वास कुठून घेतायत ते जरा बघ." त्या नाकपुड्यांचा फोटो तुम्हाला पाठवावा म्हणून मी वाकलो, आणि चौसष्ट मेगापिक्सेल सांधे भरायच्या बादलीत गेले. (मिस्त्रींनी फोन वर काढला, त्याच्यावरचं सिमेंट आधी बादलीत निपटलं, मग फोन माझ्या हातात दिला.)

भिंत काल पुरी झाली. (हातावरचं सिमेंट आजचं, पायऱ्यांच्या डागडुजीचं.) जवळून बघाल तर काही नाही. काळी, राखाडी, राखाडी, पांढरी, जणू कुणी पत्ते पिसून मांडलेत. मी हात धुवायचा कंटाळा करून सरळ पाण्यात उडी मारली, पोहत दुसऱ्या टोकाला गेलो आणि वळलो. पाण्यातल्या औषधानं डोळे चुरचुरत होते, समोरचं सगळं धूसर. त्या धुक्यात सांधे विरघळून गेले होते आणि बाई उभ्या होत्या. खऱ्या. ज्याला त्यांनी कधी शिकवलं नाही अशा मी, पाण्यातल्या पाण्यात पाय सरळ केले. मग डोळे पुसले, तर चेहरा जरा चौकटींचा झाला. पुन्हा ओले केले, पुन्हा बाई. म्हणजे बघा, डोळा जितका मंद तितकी भिंत चांगली दिसते. चोवीसशे टाइल्समध्ये हे करणाऱ्या माणसाला मी पत्रात काय म्हणून शाबासकी देऊ?

आणि आज सकाळी कमिटीचे चिटणीस आले. हा गृहस्थ सगळं नाक टेकवून बघतो, कागद असो की माणूस. भिंतीपासून वीतभर अंतरावर उभे राहून म्हणाले, "हे काय, गोदामातली शिल्लक लावलीत?" मी म्हटलं, साहेब, जरा पलीकडच्या टोकाला चला. तर तिथे जमीन ओली, बूट काढावे लागतात, आणि बूट ते काढेनात. (मोज्याला भोक असावं असा माझा अंदाज आहे.) मग म्हणाले, "बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. त्यांना हे काय दिसणार? भरल्या समारंभात आपण विचारणार, ओळखा बघू कोण, आणि त्या गप्प उभ्या राहिल्या तर? निरोप द्यायचाय की अपमान करायचाय?" तेव्हा शनिवारी सकाळी भिंतीला पांढरा रंग मारायचा असं ठरलं. माणूस वाईट नाही, त्यालाही बाईंनीच पोहायला शिकवलंय, त्यामुळेच जास्त पंचाईत. मिस्त्री नळाकडे गेले. त्यांनी थापी धुतली. मग पुसली. मग पुन्हा धुतली.

तर मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अल्बमात लावायचे पोस्टकार्डाएवढे फोटो हवे असतील तर दोन-तीन मेगापिक्सेल पुरतात. बाराचे अठ्ठेचाळीस केलेत तरी चित्र चौपट होत नाही, लांबी-रुंदी फक्त दुप्पट होते (भिंत दोन्हीकडे दुप्पट करायला टाइल्स चौपट लागतात, हे मी पेट्या वाहून शिकलोय). आणि फोटो मोठा केला की माणूस आपोआप मागे सरकून बघतो, चिटणीस सोडून. तेव्हा आकड्याला भुलू नका. भिंग मोठं आणि स्वच्छ बघा, उजेड कुठून येतो ते बघा, आणि मामींना हसायला सांगू नका, त्या ओरडायच्या बेतात असताना काढा.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांच्या टपल्या तुम्हीच माझ्या वतीनं मारा.

तुमचा भाचा,
भिंगरी

ता. क. पत्र लिहायला बसलो त्याचं खरं कारण असं, की तुम्ही ज्याला निकामी म्हणता तो तुमचा पाच मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा मला शुक्रवारच्या आत हवाय. बसच्या ड्रायव्हरकडे द्या, मी थांब्यावर उभा राहीन. रंग लागण्याआधी पलीकडच्या टोकावरून भिंतीचा एक फोटो काढायचाय. मिस्त्रींनी मागितलेला नाही. ते आता काही मागतील असं वाटत नाही.

ता. क. २. मात्र तुम्ही वाट न बघता अठ्ठेचाळीसचा आणून बसला असाल, तर तोच पाठवा. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण मिळत असताना पाचवर अडून बसण्यात काही अर्थ नाही.

ता. क. ३. जरा थांबा. बाई आल्यात. रविवारपर्यंत यायच्या नव्हत्या. कपाटातला टॉवेल न्यायला आल्या असतील. टोपी घरूनच घालून येतात, चष्मा मात्र नाही. पलीकडच्या टोकाच्या दारातून आत आल्यात. काकू त्यांना अडवायला धावतायत, मिस्त्री इकडे भिंतीपाशी पाठमोरे बसून पेट्या बांधतायत, त्यांना पत्ताच नाही. बाई भिंतीकडे बघत उभ्या राहिल्यात. भिंतीवर त्यांच्या कानाशी काळ्या टाइल्सची एक बट टोपीबाहेर आलीय. आता बाईंनी हात वर नेला आणि तिकडे बघत बघत स्वतःच्या कानावरचे केस टोपीत खोचले, आरशासमोर खोचतात तसे. भिंतीवरची बट बाहेरच. त्यांनी पुन्हा खोचले. आता त्या भिंतीवर चिडल्यात.