जागेपणीची नळी

३ फेब्रु., मंगळवार

उद्या भूल द्यायच्या केसेस बघून आले. पहिलीच जिभेच्या कॅन्सरची. विलास, कामठीचा, पॉवरलूमवर मेकॅनिक, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. तोंड उघडा म्हटलं तर माझं एक बोट कसंबसं आत गेलं. खर्रा. कधीपासून? "बारका होतो तवापासून, मॅडम." आमच्या फाटकासमोरच ठेला आहे, दिवसभर प्लॅस्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारी घोटणं चालू असतं. आम्ही आत कापायचं, त्यानं बाहेर घोटायचं. चिडून काही होत नाही, तरी चिडते.

तोंड उघडत नाही म्हणजे आधी झोपवून श्वासाची नळी घालायची सोय नाही. झोपवलं, श्वास थांबला आणि नळी गेली नाही, तर खेळ खलास. म्हणून जागेपणीच, नाकातून, दुर्बिणीनं. त्याला समजावलं. गळ्याला दोन्ही बाजूंनी एकेक सुई, मग कंठाखाली मधोमध एक. तेव्हा जोरात ठसका येईल, मग घसा सुन्न. नळी आत गेली की आवाज निघत नाही, घाबरायचं नाही. "काही वाटलं तर डावा हात वर करा. मी थांबते." सगळ्यांना सांगते तेच.

नीट ऐकून राहिला होता. मग म्हणे, "जीभ थोडीशीच कापतात ना?"

सर्जन सांगतील म्हटलं आणि सटकले.

बायको, रंजना, मागे मागे व्हरांड्यात आली. "मॅडम, त्यायले काही सांगू नका. पुरी जाणार हे सरनं आमाले सांगतलं. त्यायले समजलं तं ते पळून जातीन. एका दवाखान्यातून पळून आलेच हाय." तिचा जेठ, विलासचा मोठा भाऊ, बाजूला उभा. तो म्हणे, लूमच्या आवाजात तसंही कोण कोणाचं बोलणं आयकते?

काय माणूस आहे!

४ फेब्रु., बुधवार

झालं ते आत्ताच लिहिते. उद्यापर्यंत मीच ते माझ्या सोयीचं करून टाकीन.

घसा सुन्न करायचे ब्लॉक मस्त बसले. मानेत गाठी असूनही दोन्हीकडे हाड बोटाला लागलं. कंठाखालच्या सुईत हवेचे बुडबुडे आले, औषध सोडलं, ठसका. विलासच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण हलला नाही. "झालं, सगळ्यात वाईट होतं ते झालं," मी म्हटलं. त्याचा आवाज घोगरा झाला, म्हणजे घसा सुन्न. नाकातून दुर्बीण घातली, स्वरतंतू समोर, पांढरे, उघडझाप करत. एवढा तंबाखू खाऊन घसा इतका स्वच्छ कसा, असंही मनात आलं. नळी सरकली, मॉनिटरवर श्वासाची रेघ उमटली. तो जागा, शांत, माझ्याकडे बघत. इतकी छान जागेपणीची नळी कित्येक महिन्यांत बसली नव्हती. खूश होते मी. लिहायलाही लाज वाटते.

पिंपळे, म्हणजे सर्जन, हात धुऊन आत आले ते बोलतच. नळी दिसली, म्हणजे झोपला असं धरून चालले. आम्हा सगळ्यांनाच ती सवय. टेबलावरचा माणूस झोपलेलाच असतो, आम्ही त्याच्या अंगावरून डबा, शेअर, कोणाचं लग्न, काहीही बोलतो. असिस्टंटला म्हणाले, "मांडीचा फ्लॅप मोठा घे रे, तोंडातली जागा भरायला. अख्खी जीभ जाते ही. मुळापासून. काही राहत नाही."

झोपेच्या औषधाची सिरिंज माझ्या हातात, सलाईनला जोडलेली. फक्त दाबायची होती.

विलासनं डावा हात वर केला.

"अरे, जागा आहे?" पिंपळे. मग मला, "दे ना मग. बघत काय बसलीस?"

मी वाकून विचारलं, दुखतंय? मान नाही. थांबवू? मान हो. पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. हात खाली येईना.

नळी काढली.

त्या सुन्न घशातून एकच शब्द काढला त्यानं. "पुरी?"

हो म्हटलं.

घशाची संवेदना परत येईपर्यंत पाणी द्यायचं नसतं म्हणून रिकव्हरीत ठेवला. भिंतीकडे तोंड करून पडला होता. पिंपळे थिएटरबाहेर माझ्यावर उसळले. "दुखलं तर हात वर करायचा होता. ऑपरेशन थांबवायला नाही! तुला कळतं का, पुढच्या दिवाळीला तो..." वाक्य सोडून दिलं. स्वतःवरच चिडले होते, दिसत होतं. पण ओरडायला मीच सापडले.

आणि रंजना. "काहून काढली, मॅडम? टोचून द्यायचं होतं ना! उठल्यावर मी पाहून घेतलं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या. जिते तं राहिले असते! त्या जिभेचं मी का करू?"

सगळा व्हरांडा आमच्याकडे बघून राहिला होता.

५ फेब्रु., गुरुवार

ऑपरेशन नको अशी सही करून विलास काल संध्याकाळीच घरी गेला. जेवताना संजयला सगळं सांगितलं. आधी म्हणे, बरोबर केलंस. मग भात कालवता कालवता म्हणे, "पण माझ्यावर तशी वेळ आली ना, तर तू मला सरळ झोपवून टाक." वा रे नवरा! माझ्या ताटात भाजी घ्यायची राहिली ती राहिलीच.

९ फेब्रु., सोमवार

शेवटी फोन केला. रंजनानं उचलला. "ते बोलत नाही, मॅडम. कोणाशीच नाही. पोराशीही नाही. जीभ हाय तोंडात, आन् बोलत नाही." मग एकदम नरम आवाजात, "तुमी सांगून पाहा ना. तुमचं आयकतीन." द्या म्हटलं फोन. बराच वेळ मागून टीव्हीचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या. "ते नाही म्हणते," आणि ठेवून दिला.

पिंपळेंनी विचारलं, कामठीवाला येतोय का, काही कळलं? नाही म्हटलं. "अठराच्या बुधवारी पहिला नंबर मी मोकळा ठेवतो," म्हणाले. हल्ली ते थिएटरच्या दारात थांबतात, "झोपला?" विचारतात, मी हो म्हटल्यावरच बोलायला लागतात. नर्सेस हसतात. मला हसू येत नाही.

१३ फेब्रु., शुक्र.

आज पुन्हा जागेपणीची. हुडकेश्वरच्या काकू, संधिवातानं मान आखडलेली. सगळं सांगत गेले आणि हाताच्या गोष्टीशी येऊन अडखळले. सांगू की नको? सांगितलं. काकू म्हणाल्या, "आणि मी केला वर, तर तुम्ही खरंच थांबाल?" हो म्हटलं. डावा ब्लॉक अर्धाच बसला, पुन्हा टोचावं लागलं. बिचाऱ्या खूप खोकल्या. नंतर लक्षात आलं, डावा हात त्यांनी पूर्ण वेळ उजव्या हातानं दाबून धरला होता. विचारलं तर वॉर्डात म्हणाल्या, "तुमचं काम खोळंबायला नको ना, बाई."

घरी येऊन रडले. कशासाठी ते संजयला सांगता येईना.

१७ फेब्रु., मंगळवार

विलास आला. एकटाच, शेअर ऑटोनं. ओपीडी संपेपर्यंत बाकावर बसून होता. जबड्याखालची गाठ वाढलीय, कॉलर टोचते म्हणून वरची दोन बटणं उघडी. शब्द जड येतात, पण येतात. खर्रा सोडला म्हणे. "आता सोडला," आणि हसला.

या खेपेला काही लपवलं नाही. काय काय जाईल, पोटात नळीनं खाणं, बोलणं म्हणजे नुसते आवाज, तेही घरच्यांनाच कळतील असे. आणि नाही केलं तर काय, तेही. गाठ श्वासावर कशी येते ते सांगताना तो माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता.

"रोज सकाळी पक्कं करतो, हौ म्हणाव. मंग चाय पितो. चव लागते. मंग नाही म्हणतो."

मग म्हणे, "तुमीच सांगा. करू का?"

हे टाळायचं असं मी मनाशी पक्कं केलं होतं. निर्णय त्याचा. इतके दिवस तेच घोकत होते, पिंपळेंना, संजयला, स्वतःला. पण ती गाठ समोर होती. "करा," म्हटलं. "उद्याच करा. आता थांबू नका."



"मंग त्या दिवशी तुमी काहून थांबल्या?"

तुम्ही थांबा म्हणालात म्हणून, मी म्हटलं.

"मी तं भेलो होतो, मॅडम. भेलेल्या माणसाचं आयकते का कोणी?"

रागानं नाही बोलला. राग परवडला असता. मला उत्तर माहीत असेल असं वाटून विचारलं त्यानं.

पहाटेपासून उपाशी राहा, सातपर्यंत या, एवढंच सांगू शकले. "पाहतो," म्हणाला. दारातून परत वळला. "मी आल्तो म्हणून घरी सांगू नका. रंजी धरून आणन मले."

आणेलच. एक फोन केला तर जेठाला घेऊन पहाटेच हजर करेल. पिंपळेंनी पहिला नंबर धरून ठेवलाय. रंजनाचा नंबर काढून बसलेय मघापासून.