पावसाळ्यात टिकलेला थर

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे काय काम करणार, हे मलाही माहीत नव्हतं. आता मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उन्हापासून वीज करणारं एक नवं द्रव्य बनवते. पेरोव्स्काइट म्हणतात त्याला. त्याचं द्रावण काचेच्या तुकड्यावर टाकायचं, काच गरगर फिरवायची, मग तापवायची, की काळसर थर बसतो. वीज चांगली देतो, पण दमट हवा त्याला सोसत नाही. थर पिवळा पडतो आणि काम संपतं. माझे कितीतरी पावसाळे असे पिवळे गेले. स्फटिक घाईनं वाढतात, मध्ये फटी राहतात, तिथून ओल शिरते. त्यांची घाई कमी व्हावी म्हणून मी द्रावणात थोडा युरिया घालून पाहिला. शेतात टाकतात तोच, फक्त शुद्ध केलेला. जास्त झाला तर थर बिघडायचा, कमी झाला तर फरकच पडायचा नाही. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी कंटाळून म्हणाली, "मॅडम, आता दुसरं काहीतरी घेऊ या का?" मी म्हटलं, "एवढा पावसाळा बघू." यंदा तो थर पावसाळाभर काळाच राहिला. आम्ही दोघी नुसत्या त्या काचेकडे बघत बसलो. आनंद कसा करायचा तेच सुचेना.

त्या रविवारी मी अक्कलकोट रोडला, तुमच्या टॉवेलच्या कारखान्यात गेले. उगाचच. तुमच्या शेजारच्या मागावर असायचे ते काका आता गेटवर बसतात. "आप्पाची पोरगी न्हवं का तू? काय करतीस आता?" मी सांगितलं. त्यांनी वर बोट दाखवलं. "ते काय, बसवलंय की मालकानं. लई दिस झालं." पत्र्यावर सोलर पॅनेलांची रांग होती, बाजारात मिळतात ती साधी. माझं द्रव्य अजून नखाएवढ्या तुकड्यावर आहे. मला हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. काकांनी चहा मागवला. मी विचारलं, "आता वीज जात नाही का?" "जाती की कवा कवा. पण पयल्यागत न्हाय."

पहिल्यागत म्हणजे मी शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा. वीज जाते, सगळे माग एकदम गप्प होतात, आणि केसांत कापसाचे तंतू घेऊन तुम्ही बाहेर लिंबाखाली येऊन बसता. मागाच्या आवाजाच्या सवयीनं तुम्ही घरीही ओरडूनच बोलायचात. तिथे मात्र हळू बोलता. शाळेचं विचारता, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवता. बाकीचे कामगार विजेच्या नावानं बोटं मोडत असतात, कारण माग बंद म्हणजे मजुरी बुडाली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे. या कामाकडे कशा वळलात, असं लोक विचारतात तेव्हा मी त्या बंद मागांचं सांगते. पुढचं सांगत नाही. डबा घेऊन येताना मी वाटभर मनात म्हणत असायचे, आज वीज जाऊ दे.