नव्या पॅकेजचा नंबर

लातूर, २५ जून २०१२

ती. आप्पांना तनुजाचा नमस्कार.

मी इथं मजेत आहे. आईचे गुडघे कसे आहेत? भोकरला पेरणी झाली का? मी मेडिकलचा अभ्यास सोडल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून फोन न करता लिहिते. बातमी आनंदाची आहे.

ज्या क्लासमध्ये मेडिकलच्या तयारीसाठी शिकायला आले, तिथलेच संगणक आता मी सांभाळते, हे आईनं सांगितलं असेलच. मागच्या महिन्यात सगळ्या मशीनवर लिनक्सची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रणालीची, नवी आवृत्ती टाकली आणि मराठी प्रश्नपत्रिकेतली जोडाक्षरं फुटली. परीक्षा तोंडावर. सगळे माझ्यावर वैतागले. फिजिक्सचे पंचाक्षरी सर तेवढे चहा घेऊन शेजारी बसले.

शेवटी सापडलं. मराठी अक्षरं जुळवणारं पॅकेज, म्हणजे छोटा प्रोग्राम, जुनंच राहिलं होतं आणि ते नव्या लिनक्सशी जुळत नव्हतं. लिनक्सच्या जुन्या आवृत्तीत त्या पॅकेजची मागाहून दुरुस्ती झाल्यामुळं त्याचा नंबर २.३-४ झाला होता. नव्या आवृत्तीतल्या पॅकेजचा मात्र २.३-३ च. मोठा नंबर तो नवा, एवढंच मशीनला कळतं. त्यानं जुनं पॅकेज तसंच ठेवलं. मी नवं हातानं बसवलं, पेपर छापले. पण इतरांचंही असंच होणार, म्हणून लिनक्स बनवणाऱ्यांना ईमेलनं कळवलं. माझं इंग्रजी पंचाक्षरींनी तपासलं.

लिनक्सवाल्यांनी नव्या पॅकेजचा नंबर २.३-५ केला. आणि मलाच विचारलं, यापुढं हे पॅकेज तुम्ही सांभाळाल का? मी लगेच 'हो' लिहिलं, आप्पा.

पंचाक्षरींनी सगळ्यांना पेढे वाटले. ते उदगीरचे. घरी ते आणि त्यांची आई. परवा त्या आल्या होत्या, मला जवळ बसवून तुमची चौकशी केली.

लातूरला कधी कामानं आलात, तर क्लासवर याल का?

तुमची,
तनुजा

*

भोकर, २ जुलै

चि. तनुजास आशीर्वाद.

तुझ्या आईनं पत्र मला दोनदा वाचायला लावलं. नंबराचं अर्धंच कळलं. पण पत्रात नंबरापेक्षा त्या मास्तराचाच विषय जास्त हाय, ते बरोबर कळलं. आई कालपासून हसून राहिली.

तू डॉक्टर व्हावं हा माझा हट्ट. त्यापायी दोन वर्षं पोरीशी बोललो न्हाई. लई झालं.

पेरणी उरकली. येत्या रविवारी आम्ही दोघं लातूरला येऊन राहिलो. आधी तुझं काम दाखव. मग उदगीरला जाऊ. त्याच्या आईला निरोप दे, मुलीकडची माणसं येऊन राहिलीत.

तुझा,
आप्पा