चहा कोणी बदलला?

३ तारीख, सोमवार
चहा बदलला आहे. बरेच दिवस संशय होता, आज खात्री पटली. सौ.ला विचारलं. तीच पावडर, तेच दूध, म्हणाली. उत्तर फार चटकन आलं. धूर तिथे अग्नी. उद्यापासून चौकशी. शिवाय पहाटे उठणं, फिरायला जाणं, रोज दाढी.

४, मंगळवार
उठलो नाही. गादीचा दोष, माणूस आत रुततो. दाढी उद्या.
संध्याकाळी दुकानदाराला भेसळीबद्दल सूचकपणे विचारलं. त्याने चार गिऱ्हाइकांसमोर पुडा फोडला, साहेब, हुंगा म्हणाला. हुंगला. कसलाच वास नाही. म्हणजे हाही सामील.

६, गुरुवार
खोलीत अंधारल्यासारखं वाटतं. दुप्पट उजेडाचा बल्ब आणला. जळमटं तेवढी स्पष्ट झाली.
सौ. आणि तिचा भाऊ स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी जाताच मेहुण्याने हवेचा विषय काढला. हवेबद्दल कोणी इतक्या जिव्हाळ्याने बोलत नसतं.

९, रविवार
माझं विनोदी सदर छापून आलं. संपादकाने विनोद कापलेत. फोन केला. कानामात्रेलाही हात लावलेला नाही, म्हणाला. वर आवाज उतरवून विचारतो, बरा आहेस ना? चोर तो चोर, वर शिरजोर.
कच्चा खर्डा ताडून पाहिला. विनोद त्यातही नाहीत. चोरी घरातच होते आहे.

११, मंगळवार
कट उघडकीस. मेहुण्याकडे मनोविकारतज्ज्ञाचा नंबर आहे. म्हणाला, भावोजी, एकदा दाखवून या, मीही वर्षभर जात होतो. हा? वर्षभर? आम्हाला कळलंसुद्धा नाही. कमिशन असणार.
शास्त्रं पढलेल्या माणसाचं मन त्याच्या मुठीत असतं, असं त्याला ठणकावून सांगितलं. अंथरुणातूनच. दुपार कलली होती.

१४, शुक्रवार
घरात कोणी नाही. नवी पावडर, नवं दूध, स्वतःचे हात. कटाला वावच नाही. चहा केला. तीच बेचव. कप बदलला. तेच.
संशयितांत आता एकच इसम उरला. त्याचं नाव लिहवत नाही.

१५, शनिवार
मुलगी आली. तिला माझा चहा पाजला, निव्वळ तपासणी. बाबा, फक्कड झालाय, म्हणाली, आणि माझाही अर्धा पिऊन टाकला. चार महिन्यांनी आली होती. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे कोणाला सांगू नये.
रडताय का, विचारलं तिने. नव्या बल्बचा त्रास होतो, म्हणालो. बल्ब बंद होता.

१७, सोमवार
सौ. म्हणाली, अहो, मनाबिनाचं राहू द्या, त्या नंबरवाल्या डॉक्टरांकडे चहाचीच तक्रार करा. हे तर्काला धरून होतं. दाढी केली. गेलो, केवळ डॉक्टरची परीक्षा घ्यायला.
डॉक्टरबाई कमी बोलतात. संशयास्पद. चहाचं प्रकरण साद्यंत ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. मग विचारलं, चहा सोडून आणखी कशाची चव गेली आहे? मी पंख्याची पाती मोजली. सगळ्याची, म्हणालो.
बाहेर सौ. आणि मेहुणा थांबले होते. मेहुण्याने तिथल्या यंत्रातला चहा आणला. भयंकर. सौ.ने तोंड वाकडं केलं, मेहुण्याने कुंडीत ओतला. कैक दिवसांनी घरात एकमत झालं.
पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावलंय. जाणार आहे. त्या यंत्राची चौकशी व्हायला हवी.