होस्टेलची फाइल

निशातआपा,
सलाम.

हे पत्र पोस्टात टाकणं मले जमणार नाई, तरी लिहून राह्यलो.

अहेरी-मुलचेऱ्याहून कॉलेजले येणाऱ्या पोरींसाठी तू होस्टेल बांधाले काढलं, आन् नगरपालिकेनं दुकानाच्या दरानं विकास शुल्क लावलं. तू हरकत घेतली. सुनावणीत म्हटलं, "साहेब, मी धंदा नाई करून राह्यली. पोरी खोलीसाठी दारोदार फिरतात."

साहेबानं फाइल पाह्यली. "इथी तर 'व्यावसायिक' लिहून आहे," म्हणाले, आन् हरकत फेटाळली.

आपा, तो शब्द मी लिहिला होता. फाइल माझ्याच टेबलावर होती. 'रहिवासी' लिहिलं असतं तर बाबूनं बहिणीचं काम केलं, असं ऑफिसात म्हणतील, याचं भेव वाटलं. सुनावणीत मी तुझ्या मागंच उभा होतो.

तेवढं शुल्क भरणं झालं नाई. तू जागा विकली, नागपूरले पोराकडे निघाली. स्टँडवर तू म्हटलं, "नदीम, तू त्या ऑफिसात होता, म्हणून मले धीर होता."

मी तुझी पेटी टपावर चढवली आन् गाडी सुटेपर्यंत कंडक्टरशी बोलत राह्यलो.

तुझा भाऊ,
नदीम
मार्च २००३