दोन तासांचा पास

ता. ३ फेब्रुवारी

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बोट अजून धक्क्यालाच आहे. रंगारी बाहेरून दोरांना लटकून तिला पांढरं करताहेत आणि आत आम्ही त्या वासाने डोकं धरून बसलोय. पण सोळा तारखेला, रविवारी, दुपारी चारला निघणार हे आता नक्की. आठ दिवस, तीन बंदरं. पहिली दोन परदेशातली, तिसरं आपल्याच देशातलं, आणि मग परत इथेच.

कंपनी आमच्या आईवडिलांना एकदाच अशी सफर करू देते. ती मी आत्ता मागून घेतली, कारण माझा करार मार्चअखेर संपतोय. आणखी दोन वर्षं राहायचं की घरी यायचं, हे ठरवण्याआधी तुम्ही दोघांनी माझी बोट बघावी असं फार वाटतं.

बाबा, आता तुमच्यासाठी सूचना. आईला सूचना लागत नाहीत. दोन्ही पासपोर्ट एकाच पाकिटात ठेवा आणि पाकीट आईच्या ताब्यात द्या. झेरॉक्स चालत नाही, अस्सलच दाखवावा लागतो. कोट आणायचा तर आणा, पण टाय लागणार नाही. तुम्ही आईला तीनदा विचारलंत म्हणे.

हिशेबाच्या खोलीत बसून कंटाळा येत नाही का, असं तुम्ही दर पत्रात विचारता. नाही येत. काम बरं चाललंय.

तब्येती सांभाळा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
बिट्टी


ता. ९ फेब्रुवारी

चि. बिट्टीस अ. उ. आ.

वाईट बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. यांचा पासपोर्ट हरवला.

शुक्रवारी संध्याकाळी पाकीट उचललं ते हलकं लागलं. उघडलं तर आत माझा एकटीचाच. यांना विचारलं तर म्हणाले, असेल तिथेच, डोळे उघडून बघ. मग त्यांनी स्वतः डोळे उघडून बघितलं, आणि मग दोघांनी मिळून घर उपसलं. गाद्या उलटल्या, कपाट भिंतीपासून ओढलं. कपाटामागे माझी दहा वर्षांपूर्वीची कात्री मिळाली आणि तुझं नववीचं प्रगतिपुस्तक मिळालं. गणितात छत्तीस आहेत. आम्हाला तू सेहेचाळीस सांगितले होतेस. पासपोर्ट मात्र नाही.

शनिवारी सकाळी मला न सांगता हे चौकीत जाऊन तक्रार नोंदवून आले. मला वाटलं, बरं केलं. पण तिथल्या हवालदाराने सही झाल्यावर सांगितलं म्हणे, की आता तो पासपोर्ट रद्द होणार, उद्या सापडला तरी उपयोगाचा नाही. तेव्हापासून हे अगदीच खचून बसलेत.

गुरुवारी-शुक्रवारी कुठे कुठे गेला होतात, ते आठवा, म्हटलं. कामाला गेलो होतो, एवढंच उत्तर. दुकान विकून चार वर्षं झालेल्या माणसाला कसलं आलंय काम, असं माझ्या तोंडून गेलं, आणि ताटावरून उठले.

उद्या पासपोर्ट कचेरीत जातोय. मला म्हणतात, माझं जमलं नाही तर तू एकटी जा. मी एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे माहेरची बस, आणि तीही वाहकाला दोनदा विचारून.

इकडची काळजी फार करू नकोस. थोडी केलीस तरी चालेल.

तुझी,
आई


ता. ११ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तू हल्ली काम करतेस त्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं की बाबा फोडतात आणि मोठ्याने वाचतात.

आमच्या बोटीवर कागदपत्रं बघणाऱ्या साहेबांना मी दोनदा भेटले. त्यांनी चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि अस्सल पासपोर्टाशिवाय बोटीच्या जिन्यावर पाऊल ठेवता येणार नाही, असं दोन्ही वेळा शांतपणे सांगितलं.

पण मला वेगळीच भीती वाटतेय. बाबांना कळलं तर नाही ना? मी हिशेब बघते असं त्यांना सांगत आले, त्याला सहा वर्षं झाली. तुला खरं माहीत आहे. लागले हिशेबालाच, पण दुसऱ्याच महिन्यात लाँड्रीत माणूस कमी पडलं, मला खाली धाडलं, आणि मी परत वर गेले नाही. कारण मला ते काम येतं, आई. कोणी शिकवलं नव्हतं तरी येतं. आज माझ्या हाताखाली नऊ जण आहेत.

हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? अडतीस वर्षं लाँड्री चालवली, पण मला कधी दुकानातल्या पडद्याच्या आत येऊ दिलं नाही. या घरातलं एक माणूस वाफेत उभं राहिलं तेवढं पुरे, म्हणायचे. बोटीवर आले की सांगू, सगळं बघितलं की रागावणार नाहीत, असा माझा बेत होता. आता वाटतं, त्यांना कुठून तरी कळलं आणि यायचं टाळण्यासाठी त्यांनीच पासपोर्ट कुठेतरी टाकला. असं मनात आलं याची लाज वाटते, पण आलं खरं.

तूच काय ते बघून कळव. मला जेवण जात नाही.

तुझी,
बिट्टी


ता. १३ फेब्रुवारी

चि. बिट्टीस अ. उ. आ.

तुझं पत्र परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाआड बसून वाचलं.

आधी कचेरीचं. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी तक्रारीची प्रत घेतली, प्रतिज्ञापत्र घेतलं, यांचे नवे फोटो घेतले आणि घाईतल्या घाईत एकवीस तारीख दिली. बोट सोळाला सुटते, असं यांनी तीन वेळा तीन प्रकारे सांगितलं. बाई म्हणाल्या, आजोबा, तुमची बोट थांबवणं माझ्या हातात असतं तर थांबवली असती. बाहेर आल्यावर हे पायरीवर बराच वेळ बसून राहिले.

आता दुसरं. काल मी न्हाव्याकडे गेले. म्हटलं, पासपोर्ट चुकून तुमच्याकडे राहिला का? तो म्हणाला, नाही वहिनी, पण फोटो झकास आलाय हो दादांचा. मग मी चष्मेवाल्याकडे गेले, बँकेतल्या रोखपालाकडे गेले, आपल्या दुकानाच्या नव्या मालकाकडे गेले. सगळ्यांनी तो पासपोर्ट हातात घेऊन बघितलाय. मुलीने बोटीवर बोलावलंय, मुलगी तिथे हिशेब बघते, असं सांगत तुझे बाबा दोन दिवस गावभर फिरत होते. शेवटी झेरॉक्सवाल्याकडे गेले होते म्हणे, पण त्याच्या दुकानाला कुलूप आहे, तो सासुरवाडीला गेलाय आणि फोन बंद.

मिरवायला नेला आणि हरवला, हे त्यांना माझ्यापुढेही कबूल करवत नाही. म्हणून ते गप्प. तू त्यांच्यावर घेतलेला संशय मी या पत्रातच पुरते, पुन्हा काढायचा नाही. पण बिट्टी, ज्या गोष्टीची ते फुशारकी मारत फिरले तीच खोटी आहे, हे आता मला बघवत नाही. सहा वर्षं मीही तोंड शिवून बसले, तेव्हा दोष अर्धा माझा. तरी सांगायचं ते तूच सांग, आणि आता सांग. आयतं माझ्या तोंडून नको.

मी येतेय. एकटी येतेय. यांनीच माझी पेटी भरली आणि साड्यांच्या घड्या अशा घातल्या की त्या मोडायला जीव होणार नाही.

रविवारी फाटकाशी उभी राहा, मी चष्मा लावून येईन.

तुझी,
आई


ता. १५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मोठ्याने वाचू नका. घरात तसंही ऐकायला कोणी नसेल.

मी हिशेबाच्या खोलीत नाही. पहिल्या वर्षापासून बोटीच्या लाँड्रीत आहे. आधी मशीनवर होते, मग इस्त्रीवर, आणि गेल्या वर्षापासून सगळी लाँड्री माझ्याकडे आहे. तुमची इच्छा वेगळी होती, म्हणून खोटं सांगितलं, आणि एकदा सांगितलेलं निस्तरता आलं नाही. आईला बोल लावू नका. तिला गप्प राहायला मीच सांगितलं होतं.

तुम्ही सफरीला येऊ शकत नाही याचं वाईट वाटतंच. पण वीस तारखेला, गुरुवारी, बोट तिसऱ्या बंदरात सकाळी नऊ ते दुपारी तीन थांबेल. ते बंदर आपल्याच देशात आहे. तिथे आमच्या घरच्या माणसाला साध्या ओळखपत्रावर दोन तासांचा पास मिळतो. साहेबांनी माझा अर्ज मंजूर केलाय. पास सोबत जोडलाय. आपल्या गावाहून तिथे सकाळच्या पहिल्या बसने चार तासांत पोचता येतं.

यायलाच हवं असं नाही. आलात तर मी जिन्याशी असेन. न आलात तरी मी समजेन, पण जिन्याशी तेव्हाही असेन.

रागावलात तरी परकी करू नका.

तुमची,
बिट्टी


ता. १८ फेब्रुवारी, बोटीवरून

यजमानांस सा. न. वि. वि.

हे पत्र पहिल्या बंदरात पेटीत टाकणार. इथून ते घरी येण्याआधी बहुधा मीच पोचेन, तरी लिहिते, कारण बोलायला तुम्ही नाही.

खोली लहान पण नेटकी आहे. खिडकी गोल आहे आणि उघडत नाही. पहिल्या दिवशी पोटात ढवळलं, आता पाय जमिनीवर असल्यासारखे पडतात. जेवणाच्या टेबलाशी माझ्याबरोबर एक म्हातारे गवंडी असतात, त्यांचा मुलगा इथे स्वयंपाकी आहे. ते प्रत्येक भिंत ठोकून बघतात.

तुमच्या लेकीने तुम्हाला काय लिहिलंय ते मला माहीत आहे. मी त्यावर काही म्हणणार नाही. एवढंच सांगते, की ती रोज मला विचारते, येतील का ग? आणि मी रोज सांगते, मला नाही माहीत. अडतीस वर्षं त्या पडद्याबाहेर बसून मी लोकांचे कपडे घेतले आणि दिले, पण तुमच्या मनात काय चाललंय ते मला कधी आधी कळलं नाही.

दूध तापवून ठेवत जा. गॅस बघत जा.

तुमची,
मी


ता. २२ फेब्रुवारी

चि. बिट्टीस अ. उ. आ.

निघताना तू विचारलंस, कसं वाटलं, आणि मी म्हणालो, बस चुकेल. म्हणून आता लिहितो.

तुझं पत्र सतरा तारखेला मिळालं. त्याच दिवशी झेरॉक्सवाला परत आला, आणि त्याच्या मशीनच्या झाकणाखालून माझा पासपोर्ट निघाला. तो रद्द झालेला, आणि तुझ्या आईची बोट आदल्याच दिवशी सुटलेली. त्या दिवशी दोन गोष्टी हाती लागल्या, दोन्ही उशिराच. पासपोर्ट मी मिरवायला नेला होता हे तुझ्या आईने तुला सांगितलंच असेल. ते खरं आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि रागावलो. खोटं बोललीस म्हणून रागावलो असं वाटलं, पण नीट बघितलं तर राग तेवढाच नव्हता. मी अडतीस वर्षं एका गोष्टीसाठी उभा राहिलो आणि ती गोष्ट झालीच नाही, असं वाटलं. पास टेबलाच्या खणात टाकला. यायचं नाही असं ठरवलं.

बुधवारी दाढी करायला गेलो. न्हाव्याने विचारलं, काय दादा, हिशेबनीस बाई काय म्हणतात? मी म्हटलं, मजेत आहे, मोठमोठे हिशेब बघते. आजवर मी तसं सांगत होतो ते मला खरंच वाटत होतं. त्या दिवशी प्रथमच जाणूनबुजून खोटं बोललो, आणि ते किती सोपं जातं ते बघितलं. तुला सहा वर्षं कसं गेलं असेल ते थोडं कळलं. अर्धी दाढी झाली होती म्हणून बसून राहिलो. घरी येऊन खणातून पास काढला.

बंदरावर माझं ओळखपत्र तीन जणांनी बघितलं. तू जिन्याशी होतीस. तुझा गणवेश पांढरा आणि कडक होता, आणि तुझ्या तोंडाचा रंगही तसाच होता. आपण चार जिने खाली उतरलो. तुझी आई मागून सांगत होती, हळू, पायरी अरुंद आहे.

दार उघडलं आणि वाफ अंगावर आली. चार वर्षांनी आली. तो वास मी विसरलो असेन असं मला वाटत होतं. तुझी माणसं रांगेत उभी राहिली, एकाने मला खुर्ची दिली. मी बसलो नाही, कारण लाँड्रीत कोणी बसत नाही. मग मशीन अडलं आणि तो उंच माणूस तुझ्याकडे धावत आला. तू आवाज न चढवता दोन शब्द सांगितलेस आणि तो परत गेला. माझ्या हाताखाली दोनच माणसं होती, आणि मी दिवसभर ओरडत असे.

टेबलावरच्या एका अधिकाऱ्याच्या सदऱ्याची इस्त्री मी हातात घेतली, ते तुझ्या माणसांपुढे बरं दिसलं नसेल. पण कॉलर टोकांकडून मधे घ्यायची असते, नाहीतर कडेला सुरकुती जमते, हे मला सांगावंसं वाटलं. तू म्हणालीस, बाबा, असे रोज चारशे सदरे असतात, असं करत बसले तर बोट पुढच्या बंदराला लागेल. बरोबर आहे तुझं. माझ्याकडे दिवसाला चाळीस असत.

दोन तासांतला पाऊण तास जिन्यांवर आणि दारांवर गेला, बाकी सगळा तुझ्या लाँड्रीत. वरचा डेक, समुद्र, काही बघितलं नाही. तुझी आई अजून त्यावरून बोलेल.

करार वाढवायचा की नाही ते तू विचारलंस. ते मी सांगणार नाही. वाफेत उभं राहू नकोस असं मी सांगत आलो, कारण मला त्यात कोणी विचारत नव्हतं. दुकानात येणारे कपड्यांकडे बघत, माझ्याकडे नाही. तुझं तसं दिसलं नाही. एवढं बघितलं ते सांगतो, पुढचा निर्णय तुझा.

आज न्हाव्याकडे मुद्दाम गेलो. सांगितलं, मुलगी बोटीवरची लाँड्री चालवते, नऊ माणसं हाताखाली आहेत, आधी मी चुकीचं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे दादा, दुकान विकलंच नाहीत की तुम्ही.

आता एक विचारायचं आहे. पांढऱ्या जाड सुती कापडावर गंजाचा डाग पडला तर मला तो कधी पूर्ण काढता आला नाही. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवत असे, पण पिवळट कडा राहायची, आणि गिऱ्हाइकाला तोंड द्यावं लागे. तुमच्या त्या टेबलक्लॉथवर असा डाग होता आणि तासाभराने तो नव्हता, हे मी बघितलं. कशाने काढलात? पाणी किती गरम होतं, आणि किती वेळ ठेवलंत? तिथे सगळ्यांपुढे विचारवलं नाही. सावकाश, नीट समजेल असं लिही.

तुझा,
बाबा